विस्थापितांमुळे झपाट्याने वाढणारी मध्यम शहरं आणि रोजचं येणं-जाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्यम शहर नेमकं कशाला म्हणायचं?

लोकसंख्येचा एकच ठरलेला आकडा नाही. राजधानी किंवा देशातलं सगळ्यात मोठं शहर नसलेलं, पण आसपासच्या शंभर गावांना बाजार, दवाखाना, कॉलेज आणि सरकारी कचेरी पुरवणारं शहर, असं ढोबळमानाने धरता येईल. युगांडातलं अरुआ, नायजेरियातलं मैदुगुरी, जॉर्डनमधली इर्बिद आणि मफ्रक, तुर्कस्तानातलं गाझियांतेप, कोलंबियातलं कुकुता, सोमालियातलं बैदोआ, काँगोतलं गोमा ही या पानावर पुन्हा पुन्हा येणारी नावं. यातलं गाझियांतेप वीस लाखांच्या वर गेलेलं आहे, मफ्रक त्यामानाने लहान. तरी दोघांचं दुखणं सारखं आहे. माणसं फार वेगाने आली, आणि नगरपालिकेचा पैसा, अभियंते आणि अधिकार मात्र पूर्वीइतकेच राहिले.

विस्थापित लोक छावण्यांत राहतात ना? मग शहरातल्या वाहतुकीचा प्रश्न कुठून आला?

छावणीचे फोटो सगळीकडे छापून येतात, म्हणून तसं वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख लोक बळजबरीने घर सोडून राहत होते, आणि त्यातले ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात होते. यातले बहुसंख्य शहरांत आणि शहरांच्या कडेला राहतात. जॉर्डनमधलंच घ्या. झातारी छावणी जगाला माहीत आहे, पण तिथे आलेल्या सीरियन निर्वासितांपैकी साधारण पाचातले चार छावणीबाहेर, इर्बिद, मफ्रक आणि अम्मानसारख्या शहरांत भाड्याच्या खोल्यांमध्ये राहत आले आहेत.

छावणीतही लोक एका जागी बसून नसतात. युगांडात निर्वासितांना वसाहतीत जमिनीचा तुकडा मिळतो, धान्यवाटपही तिथेच होतं. मोठी शाळा, मोठं इस्पितळ आणि चार पैसे मिळवून देणारा बाजार मात्र अरुआ शहरात. म्हणून कुटुंबं स्वतःला दोन्हीकडे वाटून घेतात. मुलं आणि आई शहरातल्या खोलीत, आजी वसाहतीत. वाटपाच्या दिवशी सगळे परत वसाहतीत, आणि संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन पुन्हा शहरात. अरुआत अशा प्रकारे राहणारी माणसं शहराच्या नोंदीत बहुतेक धरलीच जात नाहीत, कारण कागदावर ती वसाहतीत असतात. अरुआला १ जुलै २०२० रोजी शहराचा दर्जा मिळाला, पण रस्त्यावर रोज चालणाऱ्या माणसांचा आणि अंदाजपत्रकातल्या माणसांचा मेळ बसत नाही तो नाहीच.

रोजचा प्रवास एवढा महत्त्वाचा का मानायचा? आधी निवारा, अन्न, औषध नको का?

हवंच. पण निवारा मिळाला तरी काम, शाळा, दवाखाना, रेशन आणि नोंदणीची कचेरी त्या निवाऱ्यापासून कुठेतरी लांब असते, आणि मधलं अंतर रोज कुणीतरी कापायचं असतं. अन्न आणि औषध असूनही पोचता येत नसेल तर ते नसल्यासारखंच. नव्या शहरात आलेल्या माणसाला ओळखीपाळखीही नसतात. घरमालक भाड्यासाठी थांबत नाही, शेजारी गाडी देत नाही, मामाची रिक्षा नसते. स्थानिक गरीब माणूस ज्या दहा आधारांवर दिवस ढकलतो, त्यातले आठ या माणसाकडे नसतात. म्हणूनच मदत योजनांमध्ये वाहतूक शेवटच्या पानावर ढकलली जाणं मला चुकीचं आणि अन्यायाचं वाटतं.

ही शहरं वाढतात ती कुठल्या बाजूला?

जिथे जमीन स्वस्त किंवा वादातली, तिथे. नदीच्या पूररेषेत, विमानतळाच्या कुंपणामागे, खाणीच्या कडेला, मुख्य रस्ता सोडून आत दोन-तीन किलोमीटरवर. आधी चार झोपड्या, मग एक पाण्याची टाकी, मग एक प्रार्थनास्थळ, आणि वर्षभरात हजार घरं. पायवाटेचा रस्ता होईपर्यंत दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहिलेल्या असतात, म्हणून नंतर बस वळेल एवढीसुद्धा रुंदी उरत नाही.

ही जमीन पुष्कळदा खाजगी असते. बैदोआत विस्थापितांच्या वस्त्या खाजगी जागांवर उभ्या राहिल्या आणि मालकांनी उठवल्यावर लोकांना पुन्हा पुन्हा हलावं लागलं. प्रत्येक हलण्यात घर अजून थोडं लांब जातं. कामाची जागा तीच राहते, वाट वाढते.

लोक प्रत्यक्षात फिरतात कशाने?

सर्वांत जास्त पायी. त्यानंतर मोटरसायकल टॅक्सी, तीनचाकी, आणि आपल्याकडच्या वडापसारखी सीट भरल्यावर सुटणारी मिनीबस. पूर्व आफ्रिकेत मोटरसायकल टॅक्सीला बोडाबोडा म्हणतात, इथिओपियाच्या शहरांत तीनचाकीला बजाज, नायजेरियात केके. नगरपालिकेची बससेवा बहुतेक ठिकाणी नावापुरती किंवा नाहीच.

सायकल काही ठिकाणी फार कामाला येते. झातारी छावणी २०१२ च्या जुलैमध्ये सुरू झाली. सपाट वाळवंटी जमीन, लांबलचक सरळ रस्ते आणि रहिवाशांकडे गाड्या नाहीत, त्यामुळे तिथे सायकल घराघरांत गेली. नेदरलँड्समधून जुन्या सायकलीही तिकडे पाठवल्या गेल्या. मग ओघानेच दुरुस्तीची दुकानं आली, मागे पेटी जोडून माल नेणारे आले. गोम्यात लाकडाची चुकुडू आहे. दोन चाकं, एक फळी, एक दांडा. चालवणारा उतारावर फळीवर एक गुडघा टेकतो, चढावर सगळं वजन छातीने रेटतो. कोळशाची पोती, बटाटे, लाकूड, सिमेंट असं सगळं त्यावरून जातं. लाव्हाच्या खडकाळ रस्त्यावर जिथे छोट्या गाडीचे टायर फाटतात, तिथे ती टिकते. वाहतूक आराखड्यात मात्र तिचा उल्लेख आला तर अडथळा म्हणून येतो.

पायी चालणं फुकटच आहे की. त्यात अडचण काय?

पैसे लागत नाहीत, पण वेळ आणि ताकद लागते. मोकळ्या हाताने माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. पाठीवर मूल आणि डोक्यावर पाण्याचा डबा असला, वाट चिखलाची असली, तर तेवढ्याच अंतराला दुप्पट वेळ जातो. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास चालणारी बाई दिवसाची तीन तासांची मजुरी सोडून देत असते. ती कुठल्याही हिशोबात दिसत नाही.

शिवाय चालायला जागा नसते. महामार्ग शहराच्या मधून जातो, त्याच्या कडेला पदपथ नाही, दिवे नाहीत, ओलांडायला ठिकाण नाही. मालवाहू ट्रक आणि मदतसामग्रीच्या गाड्या त्याच रस्त्याने. नवी वस्ती रस्त्याच्या एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असली, तर दिवसातून दोनदा लहान मुलं तो रस्ता पळत ओलांडतात.

शेअर गाड्या सगळ्या वस्त्यांपर्यंत का येत नाहीत? चालक मुजोर असतात का?

चालकाला दोष देण्याआधी त्याचा दिवस पाहावा. बहुतेक ठिकाणी गाडी त्याची नसते. रोज रात्री मालकाच्या हातावर ठरलेली रक्कम ठेवायची, इंधन स्वतः भरायचं, स्टँडवरच्या संघटनेची पावती फाडायची, वाटेत कुणी अडवलं तर त्यालाही द्यायचं, आणि त्यानंतर उरेल ती कमाई. अशा माणसाला रिकामी सीट परवडत नाही आणि खराब रस्ताही परवडत नाही.

चौदा सीटची मिनीबस सकाळी सहाला स्टँडवर लागलेली असते. अकरा जण बसलेत. पहिला माणूस पाऊण तासापासून खिडकीशी बसून आहे, त्याला दवाखान्यात आठच्या आत नंबर लावायचा आहे. टोपली घेऊन आलेल्या बाईला दोन सीटचे पैसे मागितले जातात, ती घासाघीस करते, टोपली मांडीवर घेते. तेरावा येतो. चौदावा येईना, म्हणून गाडी दोनशे मीटर पुढे जाऊन पुन्हा थांबते. शेवटी निघते ती मुख्य रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत. पुढच्या दोन किलोमीटरच्या कच्च्या वाटेला गाडी घातली तर जाण्यायेण्यात पाऊण तास जाणार आणि परतीला माणसं नसणार. म्हणून फाट्यावर उतरायचं आणि मोटरसायकलवाल्याला वेगळे पैसे द्यायचे. पावसाळ्यात तोही नाल्याच्या अलीकडेच सोडतो.

या गणितात उशिरा संध्याकाळ तर बसतच नाही. प्रवासी कमी आणि धोका जास्त, म्हणून अंधार पडला की गाड्या विरळ होतात. हॉटेलात भांडी घासणारे, इस्पितळात झाडलोट करणारे, बांधकामावरून उशिरा सुटणारे यांना त्याच वेळी घरी जायचं असतं.

शहराच्या कडेला स्वस्त खोली घेतली तर पैसे वाचतात का?

खोलीभाडं आणि प्रवासखर्च एकत्र मांडल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. समजा महिन्याच्या कमाईचे दहा भाग केले. बाजाराजवळच्या खोलीला पाच भाग लागतात, कडेच्या वस्तीत तीन. दोन भाग वाचले असं वाटतं. पण रोज जाऊन-येऊन दोन गाड्या बदलायला एकट्या कमावत्याला दोन भाग लागले, तर वाचलं काहीच नाही, वर दिवसाचे दोन-तीन तास गेले. घरात दुसरी व्यक्ती कामाला जाऊ लागली की तिचा प्रवासखर्च तिच्या पहिल्या कमाईतूनच वजा होतो. म्हणून पुष्कळ घरांत दुसरी कमाई सुरूच होत नाही. भाड्यासाठी रोख मदत देणाऱ्या संस्थांनी घराचं अंतर विचारल्याशिवाय रक्कम ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओळखपत्राचा आणि बसमध्ये बसण्याचा काय संबंध?

फार जवळचा. रस्त्यावर नाका असतो, नाक्यावर कागद मागतात, आणि कागद नसला किंवा चुकीचा असला की प्रवास तिथेच संपतो.

देशादेशांत नियम वेगळे आहेत. युगांडाच्या २००६ च्या निर्वासित कायद्याने निर्वासितांना देशात फिरायची आणि काम करायची मुभा दिली. केनियात काकुमा किंवा दादाबच्या छावणीतून बाहेर जायचं तर परवाना घ्यावा लागत आला आहे. तुर्कस्तानात तात्पुरतं संरक्षण मिळालेल्या सीरियन माणसाची नोंद ज्या प्रांतात, त्या प्रांताबाहेर जायला प्रवासाचा परवाना काढावा लागत आला आहे, म्हणजे शेजारच्या प्रांतात काम मिळालं तरी आधी कचेरी गाठायची. बांगलादेशात २०१७ नंतर आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्यांभोवती तारेचं कुंपण घातलं गेलं आणि कॉक्सबाजारच्या रस्त्यावर तपासणी नाके बसले. लेबनॉनमध्ये अनेक नगरपालिकांनी २०१४ पासून सीरियन लोकांवर रात्रीची संचारबंदी लादली. दिवसा बागेत राबायचं, रात्री रस्त्यावर दिसायचं नाही. कोलंबियाने २०२१ मध्ये व्हेनेझुएलाहून आलेल्यांना दहा वर्षांचं तात्पुरतं संरक्षण दिलं. त्याने हातात कायदेशीर ओळखपत्र आलं, आणि ओळखपत्रामुळे नाक्याची भीती कमी झाली. एवढा एक बदल रस्ता बांधण्याइतका मोलाचा आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा याबाबत मुका नाही. १९५१ च्या निर्वासित करारातलं २६ वं कलम कायदेशीररीत्या राहणाऱ्या निर्वासितांच्या संचारस्वातंत्र्याबद्दल आहे. देशांतर्गत विस्थापितांसाठी १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतलं १४ वं तत्त्व छावणीत आणि छावणीबाहेर मोकळेपणाने ये-जा करण्याचा हक्क सांगतं. हे कलम नाक्यावरच्या शिपायापर्यंत पोचत नाही, तिथे खरी गोम आहे.

सीमेवरच्या शहरात काही वेगळं असतं का?

असतं. तिथे रोजचा प्रवासच दोन देशांतून होतो. कुकुताला व्हेनेझुएलाशी जोडणारा सिमोन बोलिव्हार पूल घ्या. ऑगस्ट २०१५ मध्ये व्हेनेझुएलाने सीमा बंद केली. वर्षभराने पायी जाणाऱ्यांसाठी पूल उघडला, पण मालवाहू ट्रकसाठी तो सप्टेंबर २०२२ मध्ये खुला झाला. मधल्या काळात औषधं, पीठ, कागद, आजारी माणसं हे सगळं पुलावरून पायीच गेलं. शाळकरी मुलं सकाळी पूल ओलांडून कुकुतातल्या शाळेत यायची आणि दुपारी परत जायची. पूल बंद असला की नदीतल्या चोरवाटा, आणि तिथे सशस्त्र टोळ्यांची वसुली. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या कातातुम्बो भागातल्या लढाईमुळे पन्नास हजारांवर लोक घरं सोडून निघाले, आणि त्यातले पुष्कळ कुकुतात आले. म्हणजे या एकाच शहरात सीमेपलीकडचे, देशातलेच विस्थापित आणि मूळचे रहिवासी त्याच बसथांब्यावर उभे असतात.

बायकांच्या प्रवासाचा वेगळा विचार कशासाठी?

कारण त्यांचा प्रवास सरळ रेषेत होत नाही. मुलाला शाळेत सोडायचं, तिथून पाण्याच्या रांगेत, मग दोन घरची कामं, येताना बाजार, आणि मधेच सासूला दवाखान्यात न्यायचं. प्रत्येक टप्प्याला वेगळं भाडं पडतं. सकाळी शहराच्या मध्याकडे आणि संध्याकाळी परत, एवढंच गृहीत धरून आखलेल्या मार्गाचा त्यांना उपयोग कमी.

त्यात छेडछाडीची भीती. नवखी भाषा किंवा वेगळा उच्चार कानावर पडला की त्रास देणाऱ्याला कळतं की ही बाई तक्रार करायला जाणार नाही. जॉर्डनने २०१६ मध्ये सीरियन निर्वासितांना कामाचे परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा कपड्यांच्या कारखान्यांकडून मोठी आशा होती. सीरियन बायका तिथे फारच थोड्या गेल्या. कारखाने घरापासून लांब, ने-आण वेळखाऊ, मुलांना सांभाळायला कुणी नाही. नोकरी होती, परवाना होता, वाट नव्हती.

उलट बाजूचं एक उदाहरण पेशावरचं. १९७९ नंतर अफगाण निर्वासित मोठ्या संख्येने जिथे राहिले, अशा शहरांपैकी हे एक. १३ ऑगस्ट २०२० रोजी तिथे साधारण २७ किलोमीटरचा बसमार्ग सुरू झाला. बायकांसाठी राखीव जागा, उजेडाची स्थानकं, कॅमेरे, ठरलेलं भाडं. जुन्या गच्च भरलेल्या गाड्यांमध्ये बसायला कचरणाऱ्या बायका या बसमध्ये दिसू लागल्या. त्यांचा स्वभाव काही बदलला नव्हता, बस बदलली होती.

अपंग आणि म्हाताऱ्या माणसांचं काय?

युद्धातून आलेल्या लोकांमध्ये जखमी आणि हातपाय गमावलेले पुष्कळ असतात. चाकाची खुर्ची मिळते, पण ती वाळूत रुतते आणि मिनीबसमध्ये तिला जागा नसते, किंवा तिचंही भाडं मागितलं जातं. अशा घरांत एक धडधाकट माणूस सोबत जाण्यासाठी दिवस मोडतो. ज्या सेवा वस्तीत येऊ शकतात त्या वस्तीत आणाव्यात. औषधवाटप, ओळखपत्राचं नूतनीकरण, पेन्शनची नोंद यांची खिडकी महिन्यातून दोनदा वस्तीत उघडली, तर शेकडो अवघड फेऱ्या वाचतात.

मोटरसायकल टॅक्सी धोकादायक असतात. त्यांच्यावर सरसकट बंदी का घालू नये?

अपघात होतात हे खरं, आणि सुरक्षेचं कारणही कधीकधी खरं असतं. मैदुगुरीत जुलै २०११ मध्ये मोटरसायकलींवर बंदी आली, कारण हल्लेखोर त्यांवरून येऊन गोळ्या झाडून पळत होते. त्यानंतर शहर तीनचाकी केकेवर आलं. तीन-चार जण एकत्र बसत असल्यामुळे ती मुख्य रस्त्यांवर चांगली चालली. अरुंद बोळात आणि कडेच्या वस्त्यांत मात्र मोटरसायकल जायची तशी केके जात नाही. ज्यांची रोजी मोटरसायकलवर होती त्या हजारो तरुणांना दुसरा धंदा शोधावा लागला, आणि नेमक्या त्याच वर्षांत लाखो विस्थापित शहरात येत होते.

माझं म्हणणं असं की बंदी घालायचीच असेल तर पर्याय आधी रस्त्यावर उतरवावा, आणि बंदी कधी तपासणार याची तारीख जाहीर करावी. एरवी नोंदणी, क्रमांक असलेली जाकिटं, हेल्मेट, ठरलेले थांबे आणि चालकांची संघटना, हा मार्ग जास्त टिकतो. रात्री प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईला वेळेत पोचवणारं वाहन पुष्कळ वस्त्यांत तेवढं एकच असतं.

विस्थापितांना चालक म्हणून काम करता येतं का?

कायदा आणि परवाना यांवर अवलंबून. जॉर्डनमध्ये चालकाचं काम परदेशी माणसांसाठी बंद असलेल्या धंद्यांत मोडतं. कोलंबियाच्या शहरांत व्हेनेझुएलाची कितीतरी तरुण मुलं मोटरसायकलवर किंवा सायकलवर घरपोच माल पोचवताना दिसतात. जिथे परवाना मिळत नाही तिथे लोक दुसऱ्याच्या नावावर गाडी चालवतात, आणि मग कमाईचा मोठा वाटा त्या नावाच्या मालकाला जातो. जुन्या परवान्याची परीक्षा घेऊन स्थानिक परवाना देणं हे फार स्वस्त आणि लगेच होणारं काम आहे.

बाहेरून आलेल्यांमुळे आमच्या बस भरल्या, भाडी वाढली, अशी स्थानिकांची तक्रार असते. ती खोटी आहे का?

नाही. गर्दी वाढते, भाडं वाढतं, रस्ता लवकर खराब होतो. मफ्रकमध्ये काही वर्षांत लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. तिथल्या जुन्या रहिवाशाला त्रास होणारच. ही तक्रार ऐकून घेतली नाही तर तिचं रूपांतर द्वेषात होतं. पण जास्त प्रवासी म्हणजे जास्त फेऱ्या परवडणं हेही तितकंच खरं. जो मार्ग पूर्वी तासाला एक गाडी देत होता, तिथे दर दहा मिनिटांनी गाडी सुटू लागते. त्याचा फायदा दोघांनाही. म्हणून फक्त विस्थापितांसाठी वेगळी बस सोडणं मला पटत नाही. त्याच मार्गावरच्या सगळ्यांसाठी सेवा वाढवावी.

मोठा प्रकल्प करावा का? रोपवे, ट्राम, मेट्रो?

कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये याचं उत्तर बघता येतं. डोंगरउतारावरच्या वस्त्यांत हिंसाचारामुळे गावं सोडून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने राहत होती. २००४ मध्ये तिथे रोजच्या प्रवासासाठी रोपवे सुरू झाला आणि तो मेट्रोला जोडला गेला. २०११ मध्ये कोमुना १३ या वस्तीत ३८४ मीटर लांबीचे सरकते जिने बसले. रोपवेचं यश मेट्रोशी असलेल्या जोडणीत आणि त्याच्या आसपास झालेल्या शाळा, वाचनालयं, पायवाटा यांत होतं. नुसते खांब आणि डबे उभे करून तसं होत नाही. जड सामान घेऊन फिरणाऱ्याला किंवा शेजारच्या उतारावर जायचं असणाऱ्याला रोपवेचा उपयोग कमीच.

गाझियांतेपमध्ये २०११ पासून ट्राम आहे आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये उपनगरी रेल्वे सुरू झाली. त्या शहराकडे उद्योग आहेत, करवसुली आहे. बैदोआकडे नाही. तिथे मोठ्या प्रकल्पाची वाट बघणं म्हणजे दहा वर्षं हात जोडून बसणं.

हातात थोडाच पैसा असेल तर सुरुवात कुठून करावी?

खालून. कच्च्या वाटेवरची पाणी साचणारी जागा, नाल्यावरची फळी, शाळेसमोरचा रस्ता. नाल्यावर हातगाडी जाईल एवढा पक्का पूल बांधला की मोटरसायकल पलीकडे जाते, पाण्याची गाडी जाते, रुग्ण जातो, आणि वस्तीतल्याच लोकांना बांधकामाची मजुरी मिळते. मग दिवे. मग स्टँडवर सावली, स्वच्छतागृह आणि भाड्याचा फलक. हा फलक तिथे राहणाऱ्या सगळ्यांच्या भाषांत आणि चित्रांत असावा, कारण नवख्या माणसाकडून जास्त पैसे घेतले जातात ते त्याला दर माहीत नसतो म्हणून.

मार्गांचा नकाशाही लवकर करून घ्यावा. नैरोबीत विद्यार्थ्यांनी मोबाइल घेऊन खाजगी मिनीबसमधून प्रवास केला, थांबे नोंदवले, आणि २०१४ मध्ये त्या गाड्यांचा नकाशा सर्वांसाठी खुला झाला. नैरोबी राजधानी आहे, पण मध्यम शहरात हेच काम कमी दिवसांत होतं. नकाशा समोर आला की कुठली वस्ती कुठल्याच मार्गावर नाही हे अधिकाऱ्यांना नाकारता येत नाही.

पुनर्वसनासाठी जागा निवडताना काय बघावं?

बैदोआच्या उत्तरेला बारवाको नावाची वसाहत सरकारी जमिनीवर वसवली गेली. कुणी उठवणार नाही याची हमी आणि पुढे जमिनीचे कागद, ही खरोखर मोठी गोष्ट. पण शहरातल्या बाजारापासून अंतर वाढलं आणि रोजंदारीवाल्यांना ते जाणवतंच. सुरक्षित जमीन आणि जवळचं काम यांत निवड करायला लावणं क्रूर आहे. जागा लांबची असेल तर पहिलं घर बांधण्याआधी बसचा मार्ग, भाडं आणि शेवटच्या गाडीची वेळ ठरलेली असावी. नंतर बघू म्हटलं की ते राहून जातं.

उद्या लोक परत गेले तर हा खर्च वाया जाणार नाही का?

२०२३ च्या अखेरीस जगातल्या निर्वासितांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ अडकलेल्या परिस्थितीत होते. तात्पुरतं म्हणून टाळलेला रस्ता पाच पावसाळे टाळला जातो.

परतणं कधी कधी अचानक होतं हेही खरं. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियात सत्ता कोसळल्यावर शेजारच्या देशांतून लोक माघारी जाऊ लागले. जानेवारी २०२५ च्या शेवटी गोमा बंडखोरांच्या ताब्यात गेलं, आणि फेब्रुवारीत शहराभोवतालच्या छावण्या मोडून लोकांना निघायला लावलं गेलं. या दुसऱ्या प्रकाराला परतणं म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण दोन्हीकडे रस्ता, पूल, थांबा, नकाशा मागे राहतो आणि शहराच्या कामी येतो. म्हणूनच हलवता येणाऱ्या तंबूपेक्षा शहराच्या रस्त्यावर खर्च केलेला पैसा मला जास्त सुरक्षित वाटतो.

आपत्ती आली तर?

सप्टेंबर २०२४ मध्ये मैदुगुरीजवळचं अलाऊ धरण फुटलं आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आधीच विस्थापित झालेली माणसं पुन्हा एकदा घराबाहेर पडली. अशा वेळी वस्तीतून बाहेर पडायला एकच वाट असेल तर ती पहिल्या तासात तुंबते. दुसरी वाट आधीपासून मोकळी ठेवावी, आणि गाडी नसलेल्यांना कोण नेणार हे चालकांच्या संघटनेशी बोलून लिहून ठेवावं.

आमची संस्था वस्तीत प्रवासाची पाहणी करणार आहे. काय विचारावं?

घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा, कुटुंबप्रमुखाच्या उत्तरावर थांबू नका. काल कुठे कुठे गेलात, कशाने, किती वेळ लागला, किती पैसे गेले, आणि कुणी अडवलं का. त्यानंतर एक प्रश्न हमखास विचारा: गेल्या महिन्यात कुठे जायचं होतं आणि गेला नाहीत? दवाखाना, शाळेतली सभा, नातेवाईक, कामाची मुलाखत, जे असेल ते आणि कारण लिहून घ्या. पाहणी सकाळी सहाला किंवा रात्री आठनंतर करा. दुपारी वस्तीत भेटतात ते लोक, ज्यांना बाहेर पडताच आलेलं नाही. त्यांची नोंद वेगळ्या कागदावर घ्या. कुणाचं ओळखपत्र आहे किंवा नाही ही माहिती नावाशी जोडून ठेवू नका, कारण तो कागद नको त्या हातात गेला तर त्या माणसाचं फिरणं कायमचं बंद होऊ शकतं.